वाजिमाचा वाडगा

ओसाकाचा एक्स्पो १३ ऑक्टोबर २०२५ ला आटोपला. सहा महिने आपण वाचलं ते तिथल्या अजस्र लाकडी कड्याबद्दल आणि न संपणाऱ्या रांगांबद्दल. त्याच प्रदर्शनात एक मीटर व्यासाचा काळाभोर पृथ्वीगोलही होता. रात्री उजळलेली शहरं त्यावर सोन्यानं उमटवली होती. माझ्या लेखी एक्स्पोतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

वाजिमाच्या लाखकाम कारागिरांनी पाच वर्षं खपून हा गोल घडवला. १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपानं नोतो द्वीपकल्पावरचं हे गाव मोडून पडलं. सकाळचा बाजार भरायचा त्या पेठेला आग लागून सुमारे २४० इमारती जळाल्या, आणि सप्टेंबरात पुरानं पुन्हा गाठलं. गोल मात्र शाबूत राहिला.

या कामातली ‘उरुशी’ म्हणजे झाडाचा चीक. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं हे झाड. बिब्बा उतला की काय होतं हे ज्यांनी भोगलंय, त्यांना नवशिक्या कारागिराच्या हातांची कल्पना येईल. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला खाचा पाडून हंगामभरात मिळतो जेमतेम २०० ग्रॅम चीक. तो उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते, म्हणून लेप दिलेली भांडी ओलावा राखलेल्या कपाटात ठेवतात.

वाजिमाचा साधा सूपचा वाडगा घ्या. आधी लाकूड कातायचं. मग काठ आणि बूड, जिथे भांडं आधी दगा देतं, तिथे उरुशीनं कापड चिकटवायचं. त्यावर याच गावच्या मातीची भाजून केलेली पूड उरुशीत कालवून थर द्यायचे, आधी भरड, मग बारीक. प्रत्येक थर वाळवायचा, दगडानं घासायचा. शेवटचा हात माणसाच्या केसांच्या कुंचल्यानं, धुळीचा कणही नसलेल्या खोलीत. लेप ओघळू नये म्हणून वाडगे वाळताना सावकाश फिरत ठेवतात. सगळ्या मिळून शंभरावर पायऱ्या होतात.

कातणारा, अस्तर देणारा, घासणारा, शेवटचा लेप देणारा, सोन्याची नक्षी कोरणारा, हे सगळे वेगवेगळे कारागीर. त्यातला एक जरी गाव सोडून कानाझावा शहरात मुलाकडे राहायला गेला, तरी पुढच्या सगळ्यांचे हात थांबतात. भूकंपाचा खरा घाव हा आहे. सरकारनं तात्पुरत्या कार्यशाळा बांधून दिल्या, एप्रिल २०२४ मध्ये जपानचे तत्कालीन पंतप्रधान किशिदांनी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांना वाजिमाचे कॉफीचे कप भेट दिले. चांगलंच झालं. पण नुसत्या कौतुकावर कारागीर गावात टिकत नाही, हातात काम लागतं.

२०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे जपानला गेले. आपल्याकडच्या सहलीही टोकियो, क्योतो, ओसाका करून येतात आणि विमानतळावर माचा चॉकलेटची खोकी उचलतात. टोकियोहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेननं अडीच तासांवर कानाझावा आहे. तिथल्या दुकानांत वाजिमाचं काम मिळतं. वाजिमाची पेठ जळाली तरी बाजारातल्या बायका बसून राहिल्या नाहीत. मार्च २०२४ मध्येच त्यांनी कानाझावाच्या बंदरावर पाल टाकलं आणि सुकी मासळी मांडली. नोतोचं ‘इशिरू’, म्हणजे सार्डिन किंवा माकूळ खारवून मुरवलेला रस, एकदा चाखाच. शाकाहाऱ्यांनी नोतोवरच्याच सुझू गावचं मीठ आणावं. तिथे अजूनही समुद्राचं पाणी हातानं वाळूवर शिंपडतात, ती वाळू उन्हात वाळली की तिच्यातला खार धुऊन काढतात आणि ते पाणी कढईत आटवतात.

वाजिमाच्या वाडग्याला दहा-वीस हजार येन सहज पडतात. घेतलात तर शोकेसमध्ये ठेवू नका. रोज त्यात आमटी प्या. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि कडक ऊन तेवढं टाळा, कोमट पाण्यात मऊ फडक्यानं धुवा. टवका उडालाच तर वाजिमाचे कारागीर तो दुरुस्त करून पुन्हा लेप देतात. किमतीवर मात्र घासाघीस करू नका.