डिस्क बदला, पण आधी प्रत काढा

दोन जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कची अदलाबदल केल्याने त्यांतील फोटो, कागदपत्रे पुसली जात नाहीत. अडते ते विंडोज. ती मूळ मदरबोर्डच्या ड्रायव्हरसह बसवलेली असल्याने दुसऱ्या संगणकात अनेकदा निळा पडदा दिसतो. अशा वेळी घाईने ‘फॉरमॅट’ केले, की माहिती हातची जाते. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढावी आणि ती उघडून पाहावी. मग प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. रुंद, चपट्या केबलच्या आयडीई डिस्कवर ‘मास्टर-स्लेव्ह’ जम्पर जुळवावा लागतो. २००३ पासून आलेल्या साटा डिस्कला त्याची गरज नाही. विंडोज सुरू झालीच नाही, तर डिस्क पूर्वीच्या संगणकात परत लावावी. माहिती तिथेच असते.