टेबलावरची बशी आणि लाल रेघ

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या आठवड्यात जगभर अँटिबायोटिकच्या गैरवापराविषयी जागृती केली जाते. आपल्याकडे फार्मसी, नर्सिंगची मुलं पांढरे कोट घालून फेरी काढतात, पथनाट्य करतात, घोषणा देतात. घोषणा ऐकून कुणी गोळी परत केल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून लोकांशी बोललेलं बरं, आणि टेबलावर दोनच वस्तू असल्या तरी पुरतात.

पहिली वस्तू म्हणजे गोळ्यांचं रिकामं पाकीट. त्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं-घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. ती फक्त अँटिबायोटिकवरच असते असं नाही, पण अँटिबायोटिकवर असतेच. लोकांनी ती ओळखावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती.

इथे हमखास प्रश्न येतो: ‘पण तीन दिवसांच्या गोळीने माझी सर्दी बरी होते, त्याचं काय?’ साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. मात्र माणूस मेडिकलमध्ये जातो तो दोन-तीन दिवस अंगावर काढून, आणि सर्दी तर आठवड्याभरात आपोआप उतरणारच असते. उतरणीला लागलेल्या दुखण्याचं श्रेय गोळीला मिळतं. हा हिशेब तारखा घालून कागदावर मांडून दाखवला, की वाद बराचसा मिटतो.

दुसरी वस्तू म्हणजे जिवाणूंची बशी. प्रयोगशाळेत पारदर्शक बशीत खाद्याचा थर ओततात, त्यावर जिवाणू पसरतात आणि वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीच्या कागदी चकत्या ठेवतात. बशी रात्रभर उबेत राहिली, की सकाळी सगळीकडे दुधाळ साय धरलेली दिसते. ज्या चकतीचं औषध लागू पडतं, तिच्याभोवती स्वच्छ गोल रिंगण उरतं. लागू न पडणाऱ्या चकतीला साय अगदी खेटून असते. कल्चर रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे लागू पडतं की नाही असं जे लिहून येतं, ते बऱ्याचदा हीच रिंगणं पट्टीने मोजून. बाजारात खरी बशी आणू नये. मोठा फोटो पुरतो.

मग जिवाणू औषधाला दाद देईनासे का होतात? ‘शरीराला गोळीची सवय होते’ हा समज मोडायला सर्वांत जड. बदलतं ते शरीर नव्हे, जिवाणू. कोट्यवधींच्या गर्दीत एखाद्यात जन्मतःच असा फरक असतो, की औषध त्याला मारू शकत नाही. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. कपाशीच्या गावात हे समजवावं लागत नाही: बीटी बियाण्याला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भात काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. जिवाणू तर अळीच्याही पुढचे. प्रतिकाराचं जनुक ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात. म्हणून सर्दीसाठी घेतलेली गोळी वाया जाते एवढंच नाही. आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू त्यातून तरतात, तयार होतात आणि पुढे खऱ्या आजाराच्या जिवाणूला तो वारसा देऊ शकतात.

‘कोर्स पूर्ण करा’ ही पोस्टरवरची ओळ मात्र जपून वापरावी. क्षयरोगात महिनोन् महिने औषध घ्यावंच लागतं, तिथे खाडा चालत नाही. पण इतर अनेक संसर्गांत कमी दिवसांचे कोर्स तितकेच लागू पडतात, असं अभ्यासांतून दिसलंय. त्यामुळे ‘डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, आणि उरलेली गोळी शेजाऱ्याला नाही’ हे जास्त खरं.

टेबल मांडणाऱ्या फार्मसीच्या मुलांपैकी बरीच चार-पाच वर्षांत स्वतःच मेडिकलच्या काउंटरमागे उभी असतील. काही अँटिबायोटिक विकताना डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहायची, ते तीन वर्षं जपायचं, हा नियम २०१४ पासून आहे. संध्याकाळच्या गर्दीत चिठ्ठीशिवाय आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ कसं म्हणायचं, याचा सराव त्यांना या टेबलापाशी होतो. माझ्या मते मोहिमेची खरी कमाई ती.