घरातले अल्बम, जिल्ह्याचा इतिहास

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत तसेच नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. पूर ओसरला की घराघरांतील सामान अंगणात येते. भिजलेले धान पुन्हा पिकवता येते, गादी नवी भरता येते. परंतु लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवलेला छायाचित्रांचा अल्बम भिजून त्याची पाने एकमेकांना चिकटली, तर त्याची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. हा अल्बम केवळ एका कुटुंबाचा ठेवा असतो काय, आणि तो जपायचा कसा, या दोन प्रश्नांचा हा विचार.

हौशी छायाचित्रणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनी त्या काळी या कलेत नाव मिळवले. मात्र तेव्हा हा छंद श्रीमंतांचा व विद्वानांचा होता. तो मध्यमवर्गीय घरात आला स्वातंत्र्यानंतर. बडोद्याला तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा अनेक शिक्षकांनी, रेल्वे कर्मचाऱ्यांनी व कारकुनांनी घेतला. एका रोलमध्ये बारा चौकोनी छायाचित्रे निघत. उटी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही पुढे बाजारात आला. बाराच संधी असल्यामुळे प्रत्येक खटक्यापूर्वी विचार होई. फ्लॅश नसल्यामुळे सारे कुटुंब उन्हात, अंगणात उभे केले जाई. जुन्या छायाचित्रांत माणसे डोळे बारीक करून का पाहतात, याचे कारण एवढेच.

पार्श्वभूमीच बोलते

या ‘अंगणातल्या’ छायाचित्रणाने नकळत मोठे काम केले. छायाचित्रकाराचे लक्ष बारशाच्या बाळाकडे किंवा नव्या सुनेकडे होते. पण भिंगाने मागचे सगळेच टिपले. मातीची भिंत, कवेलूचे छप्पर, खळ्यातील धानाचे पुंजणे, दाराशी सोडलेली रेंगी, गावच्या मालगुजारी तलावाची पाळ. स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेल्या देखण्या छायाचित्रात यातले काहीही सापडत नाही. एखाद्या गावात सिमेंटचे छत केव्हा आले, वीज केव्हा आली, बायकांच्या अंगावरील लुगड्याची जागा पाचवारी साडीने केव्हा घेतली, हे सरकारी दप्तरापेक्षा अशा चित्रांतून अधिक स्पष्ट दिसते.

सहलीच्या चित्रांचेही तसेच. नवेगाव बांध, नागझिरा ही भंडारेकरांची नेहमीची सहलीची ठिकाणे. १९८५ मधील एखाद्या छायाचित्रामागे ‘नवेगाव बांध, जि. भंडारा’ असे लिहिलेले आढळले, तर ती चूक नव्हे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे मागची एक ओळ जिल्ह्याच्या भूगोलाचाही पुरावा ठरते.

याहून गंभीर उदाहरण गोसेखुर्दचे. पवनी तालुक्यातील या धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जलाशयात पाणी साठत गेले तशी गावे उठली. पुनर्वसित वसाहतीत जन्मलेल्या मुलाने आजोबांचे गाव पाहिलेले नाही आणि ते त्याला दाखवायला नेताही येत नाही. गावचा पार, विहीर, देऊळ, शाळेची ओसरी हे सारे आता असेल तर एखाद्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या छायाचित्रात, वऱ्हाडी मंडळींच्या खांद्यांमागे. पाच नद्यांच्या संगमावरील अंभोऱ्याला पूर्वी काढलेली सहलीची चित्रे आजच्या विस्तीर्ण पाण्याशेजारी ठेवून पाहावीत. नदी आणि जलाशय यांतील फरक समजण्यास दुसरे पुस्तक लागणार नाही.

चित्रे विटतात का?

कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. ते नीट धुतले गेले असेल तर शंभर वर्षेही टिकते. रंगीत छायाचित्रात मात्र प्रतिमा रासायनिक रंगद्रव्यांची असते व ती हळूहळू विरतात. सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांतील अनेक रंगीत चित्रे तांबूस दिसतात, याचे कारण त्यांतील निळसर द्रव्य सर्वांत आधी विरले. त्यामुळे आजीचे कृष्णधवल छायाचित्र स्पष्ट आणि आईच्या लग्नाचे रंगीत छायाचित्र पुसट, असा उलटा प्रकार घरोघरी दिसतो.

यात आपल्या हवामानाची भर पडते. पावसाळ्यातील दमटपणामुळे चित्रावरील जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते. पानावर चिकटा असलेले आणि वर पारदर्शक कागद ओढायचे अल्बम एकेकाळी फार लोकप्रिय होते. त्यांतील चिकट द्रव्य आणि प्लॅस्टिक दोन्ही चित्राला घातक आहेत.

काय करावे?

छायाचित्रे जमिनीलगतच्या पेटीत न ठेवता उंचावर, कोरड्या जागी ठेवावीत. स्वयंपाकघराची किंवा न्हाणीची ओल येणारी भिंत टाळावी. निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. चित्र विटले तरी निगेटिव्हवरून ते पुन्हा काढता येते.

चित्रे भिजलीच, तर ती तशीच वाळू देऊ नयेत. वाळताना ती कायमची चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात हलकेच ठेवून सुटी करावीत, चित्राच्या बाजूला बोट घासू नये, आणि मग शोषक कागदावर चित्र वर करून सावलीत वाळवावीत. कडक ऊन किंवा इस्त्री वापरू नये. दोन दिवसांत हे काम होणार नसेल, तर चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास वेळ मिळतो. हाताने रंगवलेली किंवा संगणकाच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेली चित्रे मात्र धुऊ नयेत. त्यांचा रंग सुटतो. चौकटीच्या काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी.

पोस्टकार्ड आकाराच्या चित्राची प्रत घेताना प्रतिइंच सहाशे बिंदू इतकी स्पष्टता पुरेशी असते. अशा प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर, दुसऱ्या गावातील नातलगाकडे.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र यंत्राचे नाही. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहावा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. ही माहिती सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ती मिळते. आजी गेल्यानंतर ‘डावीकडून तिसरी कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी उरत नाही, आणि मग चित्र शाबूत असूनही त्यातील माणूस हरवतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बारा चित्रांचा रोल महिनोन्महिने पुरवणाऱ्या पिढीची मुले एका सहलीत शेकडो चित्रे काढतात. पण मोबाइल बिघडला की सारीच जातात. त्यांतील वर्षाकाठी पन्नास चित्रे निवडावीत, नावे घालून कागदावर काढून घ्यावीत. येत्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावरचा जुना अल्बम खाली आला, तर तो पुसून परत वर ठेवू नये. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसावे, पहिले पान उघडावे आणि पेन्सिल हाती घ्यावी.