अलाबामाचे नाणे : भूगोलाचा एक पाठ



परदेशाची माहिती देताना राजधानी, सीमा व लोकसंख्या फळ्यावर लिहिली, की पाठ पुरा झाला असे आपणांस वाटते. मुले ती यादी घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तोच पाठ एखाद्या वस्तूपासून आरंभिला, तर मनात ठसतो. अमेरिकेतील अलाबामा राज्याचे स्मारक-नाणे हे याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम राज्याची ओळख. अलाबामा हे अमेरिकेच्या आग्नेय भागात आहे. त्याच्या उत्तरेस टेनेसी, पूर्वेस जॉर्जिया, पश्चिमेस मिसिसिपी आणि दक्षिणेस फ्लॉरिडा व मेक्सिकोचे आखात आहे. १४ डिसेंबर १८१९ रोजी ते बाविसावे राज्य म्हणून संघराज्यात आले. राजधानी माँटगोमेरी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५० लक्षांहून किंचित अधिक भरली. राज्यपक्षी सुतारपक्ष्याच्या कुळातील यलोहॅमर, राज्यपुष्प कॅमेलिया आणि राज्यवृक्ष लांब पानांचा पाईन. ध्वज पांढरा असून त्यावर किरमिजी रंगाची तिरपी फुली असते. 'आम्ही आमच्या हक्कांचे रक्षण करण्यास धजतो' हे राज्याचे ब्रीद. याच राजधानीत १९५५ साली रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले. ब्रीद लिहिणे निराळे आणि आचरणे निराळे, हे मुलांस येथे सांगता येईल.

आता नाण्याकडे वळू. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत अमेरिकेच्या टांकसाळीने दरवर्षी पाच याप्रमाणे ५० राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली. राज्ये ज्या क्रमाने संघात आली, त्याच क्रमाने नाणी निघाली. म्हणून अलाबामाचे नाणे बाविसावे. ते २००३ साली निघाले. त्याच्या एका बाजूस जॉर्ज वॉशिंग्टन आहेत, तर दुसरीवर ब्रेल लिपीतील पुस्तक घेऊन बसलेल्या हेलन केलर. त्यांचे नाव इंग्रजीत आणि लहान आकाराच्या ब्रेल ठिपक्यांतही आहे. अमेरिकेच्या चलनी नाण्यावर ब्रेल लिपी प्रथम उमटली ती येथेच.

हेलन यांचा जन्म १८८० साली याच राज्यातील टस्कंबिया येथे झाला. १९ महिन्यांच्या असताना आजारात त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. मार्च १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका घरी आली. पुढील महिन्यात तिने हेलनचा एक हात हातपंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी 'पाणी' या शब्दाची अक्षरे काढली. प्रत्येक वस्तूस नाव असते, हे मुलीस त्या क्षणी उमगले. पुढे १९०४ साली ती पदवीधर झाली. १९५५ साली त्यांनी भारतालाही भेट दिली.

वर्गात जाड कागद मऊ कापडावर ठेवून बोथट सुईने ठिपके उठवावेत आणि मुलांस डोळे मिटून ते चाचपावयास सांगावे.

शेवटी एक विनंती. फिरतीत मी ओट्यावर एकटी बसलेली अंध व मूकबधिर मुले पाहिली आहेत. त्यांचे नाव पटावर नसते. 'त्याला काही कळत नाही' असे घरचे सांगतात आणि आपणही पुढच्या घरी जातो. पुढील पटनोंदणीच्या वेळी तेथे थोडे थांबावे. नाण्यावर शिक्षिकेचे चित्र नाही. परंतु तिच्यावाचून ते नाणे निघालेच नसते.