रॉयल रोड्स : कॅडेट गेले, कॉलेज राहिलं

'एक्स-मेन'चा २००३ सालचा दुसरा भाग हॉस्टेलवर कुणी पाहिला नसेल असं वाटत नाही. त्यातली प्रोफेसर झेवियरची दगडी शाळा आठवतेय? तो सेट नव्हे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया शहराजवळच्या कोलवूडमध्ये तो हॅटली कॅसल खरंच उभा आहे आणि तिथे खरंखुरं विद्यापीठ चालतं. नाव रॉयल रोड्स. यातला 'रोड' म्हणजे रस्ता नव्हे हं! जहाजं किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभी राहतात, त्या पाण्याला दर्यावर्दी 'रोड्स' म्हणतात.

कोळसा खाणींचे मालक जेम्स डन्स्म्युअर यांनी १९०८ च्या सुमारास हा वाडा बांधून घेतला. दुसरं महायुद्ध पेटलं, नौदलाला अधिकारी हवे झाले आणि १९४० मध्ये सरकारने वाड्यासकट सगळी इस्टेट अवघ्या ७५ हजार डॉलरला घेतली. आधी नौदलाचं प्रशिक्षण केंद्र, मग नेव्हल कॉलेज आणि १९४८ पासून तिन्ही दलांचं एकत्र कॉलेज. थोडक्यात, आपल्या खडकवासल्याच्या एनडीएसारखं. फरक असा, की एनडीएच्या कॅडेटला पदवी जेएनयूची मिळते. रॉयल रोड्सला १९७५ मध्ये स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. १९८४ पासून मुलीही आल्या.

आणि मग १९९४ चं बजेट! शीतयुद्ध संपलेलं, खर्च कमी करायचा होता. कॉलेज बंद करायचं ठरलं, १९९५ मध्ये शेवटचे कॅडेट बाहेर पडले. आता ५६५ एकर जागा, वाडा, बागा, वर्ग, सगळं तयार, फक्त विद्यार्थी नाहीत. हॉटेल किंवा बंगले उठायला किती वेळ लागला असता? ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने त्याच वर्षी कायदा करून तिथे सार्वजनिक विद्यापीठ काढलं.

खरी गंमत पुढे आहे. शेजारी व्हिक्टोरियात मोठं विद्यापीठ आधीच होतं. त्याचीच छोटी नक्कल कोण चालू देणार? म्हणून कायद्यातच लिहिलं की इथे फक्त उपयोजित आणि व्यावसायिक विषय शिकवायचे. बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे. दोन-तीन आठवडे कॅम्पसवर राहायचं, बाकीचा अभ्यास नोकरी सांभाळून घरून, ऑनलाइन. म्हणजे चार वर्षं एकाच मेसची आमटी नशिबी नाही! पण विद्यापीठ लहान असूनही टिकलं ते या पद्धतीमुळेच, असं मला वाटतं.

आपल्याकडे पुण्याच्या गिरीनगरची डीआयएटी याच वळणाची. १९५२ साली सुरू झालेली शस्त्रास्त्र शिक्षणाची संस्था २००० मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. पण ती संरक्षण खात्याच्या पंखाखालीच राहिली. रॉयल रोड्सला घर बदलावं लागलं नाही, मालक मात्र बदलला. तोही अर्धाच. जमीन संरक्षण खात्याचीच राहिली, विद्यापीठाने २००१ मध्ये ५० वर्षांचा भाडेकरार केला. शंभरी ओलांडलेल्या वाड्याची आणि बागांची देखभाल विद्यापीठाकडे आली. १९९५ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असल्याने तिथे मनाला येईल तशी तोडफोडही करता येत नाही. लग्नसमारंभ आणि सिनेमावाल्यांना जागा भाड्याने देतात, ते काही हौस म्हणून नव्हे.