सूर्याची वीज तारेत कशी जाते?

आपल्या गावच्या गायरानात काळ्या-निळ्या काचांच्या रांगा बसवल्या आहेत. त्यांना सौर पॅनेल म्हणतात. काही मुले म्हणतात, त्यात ऊन साठवून ठेवतात. पण तसे नाही. ऊन पडले की त्यात लगेच वीज तयार होते आणि ऊन गेले की बंद.

ही वीज आपल्या मोटारीला तशीच चालत नाही. ती बॅटरीच्या सेलसारखी एकाच दिशेने वाहते. तारेतली वीज मात्र एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. म्हणून तिथे इन्व्हर्टर नावाच्या पेट्या आहेत. त्या सूर्याच्या विजेला तारेतल्या विजेच्या तालावर आणतात. लेझमीच्या रांगेत मधेच शिरायचे तर आधी हलगीचा ताल धरावा लागतो ना, तसेच. नंतर ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ११ हजार व्होल्ट करतो व ती सबस्टेशनात जाते. तिथून शेतीच्या लाइनवर येते. डीपीवर दाब कमी होतो, मग मोटार चालते. भर उन्हात एका मेगावॉटवर पाच हॉर्सपॉवरच्या दोनशेच्या आसपास मोटारी चालतात! त्याला जागा चार-पाच एकर लागते.

याचा उपयोग काय ते सांगते. आधी शेतीची लाइट आठवड्यात काही दिवस रात्रीचीच असायची. बाबा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचे. उसात साप असतात, बिबट्या पण येतो. बाबा येईपर्यंत आई जागीच बसायची. सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. वाहिनी म्हणजे सबस्टेशनातून निघालेली लाइन. शेतीच्या लाइनला सूर्याची वीज जोडायची आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देऊ द्यायचे, अशी ही योजना आहे. आता आमच्या बाबांची दारे धरायची पाळी दिवसा येते.

पावसाळ्यात मोटारी बंद असतात, तेव्हा ही वीज वाया जाते का? नाही. ती सबस्टेशनातून उलटी वर जाते आणि दुसऱ्या गावांना मिळते.

पण ढग आले तर? मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, तारेत वीज साठत नाही. जेवढी लागते तेवढी त्याच वेळी तयार झाली पाहिजे. कमी पडली की दुसरीकडून घ्यायची. आपल्या सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. त्याच्या पाण्यावरची सगळी यंत्रे मिळून १९६० मेगावॉटची आहेत. पाणी सोडले की ती काही मिनिटांत चालू होतात. कोळशाच्या गार झालेल्या भट्टीला तापायला कितीतरी तास लागतात. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात आणि तेव्हाच सूर्य मावळलेला असतो. म्हणून दिवसा सूर्याची वीज वापरली की कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राहते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आषाढ-श्रावणात जोरात फिरतात. तेव्हा ऊन नसते पण वारा लय असतो. हे मला फार आवडले.

एक कोडे राहिलेच. आमच्या आळीत एका घराच्या स्लॅबवर पॅनेल आहेत. तरी गावची लाइट गेली की भर दुपारी त्यांचाही पंखा बंद पडतो. सगळे हसतात. पण ते मुद्दामच तसे केलेले असते. लाइट बंद करून वायरमनकाका खांबावर चढतात. तेव्हा स्लॅबवरची वीज तारेत आली तर त्यांना शॉक बसेल, जीव जाईल. म्हणून तारेतली वीज गेली की इन्व्हर्टरची पेटी आपोआप बंद होते. लाइट आल्यावर पण ती लगेच चालू होत नाही. वीज नीट आहे का ते थोडा वेळ बघते आणि मगच जोडून घेते.

— इयत्ता चौथी