कडक गोश्त मऊ कसं होतं? घरच्या निहारीची रीत

थंडी पडली की मुर्रीत आमच्या घरी निहारी चढते. ‘नहार’ म्हणजे दिवस. रात्रभर शिजवून सकाळी खायचा हा पदार्थ.

राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासून आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हणून आपण म्हशीचंच गोश्त, परवाना असलेल्या दुकानातून घ्यावं आणि पावती जपून ठेवावी.

एक किलो पिंढरीचं गोश्त, दोन नळ्या घ्या. कांदा लाल करून आलं-लसूण, हळद, तिखट, धणे, बडीशेप, सुंठ आणि मीठ टाका. गोश्त चांगलं भाजा. मग ते बुडेल इतकं गरम पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर तीन-चार तास. शेवटी तीन चमचे कणीक पाण्यात कालवून सोडा, पंधरा मिनिटं उकळा.

पिंढरीत चिवट कोलेजन असतं. मंद आचेवर हळूहळू त्याचं जिलेटिन होतं, म्हणून रस्सा दाट होतो. आच मोठी केली तर धागे आकसून गोश्त कोरडं पडतं.

आमच्या अम्मीचे दात गेलेत. इतर गोश्त त्या ताटात बाजूला सारतात. निहारी मात्र भातात कालवून पोटभर खातात. धानाच्या जिल्ह्यात नानची वाट कोण बघतो?